कारणाचा रकाना

१८९३ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील भांग, चरस आणि गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. सरसकट बंदीची गरज नाही, हा त्याचा निष्कर्ष बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पण मला त्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वेगळाच वाटतो, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. तो भाग वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांबद्दल आहे.

गांजाने माणूस वेडा होतो, हे त्या काळचे सरकारी ज्ञान या नोंदवह्यांवर उभे होते. दरसालच्या तक्त्यात किती रुग्ण आले आणि कोण कशाने वेडे झाले याचा हिशेब असे. आयोगाने विचारले, हा हिशेब लिहिला कुणी? भटकणारा, बरळणारा माणूस पोलीस धरून आणत. मॅजिस्ट्रेटच्या कागदांबरोबर त्याची माहिती इस्पितळात पोचे. तीत वेडाचे कारण लिहायचा रकाना असे, आणि तो कोरा ठेवलेला वरिष्ठांना खपत नसे. मग शिपायाने कुणाला तरी विचारून, किंवा न विचारताच, 'गांजा' लिहावे. सुपरिंटेंडेंटने ते वहीत उतरवून घ्यावे. वर्षअखेरीस त्याची बेरीज व्हावी. आयोगाने १८९२ सालची अशी सगळी प्रकरणे पुन्हा उघडली, शक्य तिथे मूळ गावी आणि नातेवाइकांकडे चौकशी करवली. त्या वर्षी इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली होती. चौकशीनंतर उरले ९८. त्यांतही निव्वळ गांजा-भांगेकडे बोट दाखवता येईल असे फक्त ६१.

आपल्या भागातले वेड्यांचे इस्पितळ म्हणजे धारवाडचे; ते तेव्हा पन्नाशीला टेकले होते. १८४५ मध्ये, मुंबई इलाख्याच्या काळात सुरू झालेली ही संस्था. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पुढे राज्याचे नाव कर्नाटक झाले, इस्पितळाची नावे आणि वरची खाती बदलली. आज बेळगाव रस्त्यावर ते डिमहान्स म्हणून ओळखले जाते. तिथून वीस किलोमीटरवर हुबळी. आणि हुबळीतला गोकुळ रोड म्हणजे नव्या बसस्थानकापासून विमानतळाकडे जाणारा रस्ता: किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना, औद्योगिक वसाहत, दवाखाने, औषधांची दुकाने आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची गर्दी असणाऱ्या लॅब. कलघटगी, नवलगुंद, अळणावरकडून बसने आलेली माणसे कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत काउंटरवर उभी असतात. त्यांतच कुणाच्या हातात मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी असते आणि दुसऱ्या हातात झाकणाची प्लास्टिकची डबी.

त्या डबीतून रुग्णाच्या शरीरात कोणते औषध आहे हे यंत्र सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या शिपायाच्या शब्दाच्या जागी आज मोजमाप आले, ही मोठी प्रगती आहे आणि ती मी मनापासून मानतो. पण रुग्णाला बाजूला ठेवून त्याच्याबद्दलचा रकाना भरण्याची सवय त्या शिपायाबरोबर गेलेली नाही. यंत्राने भरलेला रकाना तर कुणी पुन्हा उघडूनही बघत नाही. म्हणून हे मोजमाप कुठून आले, त्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे सर्वसामान्य वाचकाला माहीत असायला हवे.

गोष्टीची सुरुवात लघवीपासूनच होते. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा कैदी राहिलेला जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या मनोरुग्णालयात काम करत होता. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात एखादे विष तयार होत असावे आणि ते लघवीतून बाहेर पडत असावे, अशी त्याची कल्पना. बाजूला पडलेल्या एका स्वयंपाकघरात त्याने प्रयोगशाळा मांडली. रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि ती लघवी गिनी पिगच्या पोटात टोचून पाहिली. युरिक आम्ल पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याने त्याचा विरघळणारा लिथियम क्षार घेतला, तर प्राणी सुस्त झाले. कल्पना चुकीची होती, पण हाती लागलेले औषध खरे निघाले. ३ सप्टेंबर १९४९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याने उन्मादाच्या दहा रुग्णांची हकिगत छापली. त्यांतला पहिला, वर्षानुवर्षे कोंडलेला रुग्ण बरा होऊन कामावर परतला होता. १९५० मध्ये तोच रुग्ण लिथियमच्या विषबाधेने गेला.

त्या मृत्यूत मोजमापाची सगळी गरज दिसते. गुण येण्याची पातळी आणि जीव घेण्याची पातळी लिथियमच्या बाबतीत एकमेकांना इतकी चिकटून असतात की नजरेच्या अंदाजाने डोस देता येत नाही. मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउटनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्योत-प्रकाशमापकाचा उपयोग केला: रक्तातला द्रव ज्योतीत उडवायचा, लिथियम किरमिजी रंगाने जळते, त्या रंगाची तीव्रता मोजायची. आज साधारणपणे शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेतात आणि लिटरला ०.६ ते १.० मिलिमोल या पट्ट्यात पातळी ठेवतात. लिथियम जवळजवळ सगळेच मूत्रपिंडातून बाहेर पडते. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात शेतावर घाम गाळणारा, पाणी कमी पिणारा, वर अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून खाणारा रुग्ण डोस न वाढवताही धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. लॅबमधली एक बारीक गोष्टही इथे सांगायला हवी. रक्त चुकून हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत घेतले, तर त्या नळीतल्या लिथियम हेपारिनमुळेच आकडा फुगतो. यंत्र बरोबर असते, आकडाही खरा असतो, फक्त तो रुग्णाचा नसतो.

मुंबईचेही या इतिहासात मोठे देणे आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेवर लिहिले होते. मुंबईच्या रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात सर्पगंधेचे उच्च रक्तदाबावरचे परिणाम मांडले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातले रिसर्पिन वेगळे झाले आणि काही वर्षे ते मनोरुग्णालयांत सर्रास दिले गेले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन आले. कोंडून ठेवण्यापलीकडे ज्यांच्यासाठी काही करता येत नव्हते, ती माणसे गोळ्या घेऊन घरी जाऊ लागली.

आणि घरी गेल्याबरोबर प्रश्न उभा राहिला: गोळी पोटात जाते का?

१९५७ मध्ये अमेरिकेत फ्रेड आणि आयरीन फॉरेस्ट या दांपत्याने क्लोरप्रोमाझिनची सोपी चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी पुढे घडवलेल्या मिश्रणात फेरिक क्लोराइड, पर्क्लोरिक आम्ल आणि नायट्रिक आम्ल होते. लघवीत ते मिसळले की गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत रंग उमटे; डोस जितका मोठा तितका रंग गडद. वॉर्डातल्या नर्सलाही जमेल अशी ही परीक्षा होती. गालात गोळी दाबून ठेवणारा, खिडकीतून टाकून देणारा रुग्ण तिने उघडा पडे. त्याच १९५७ साली लेनर्ड स्केग्ज यांच्या कल्पनेवर बनलेले ऑटोॲनालायझर यंत्र टेक्निकॉन कंपनीने बाजारात आणले, स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण मांडला, आणि हुबळीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या चार गोष्टींचा आपसात काही संबंध नाही. पण मनोविकारावरची औषधे, ती मोजणारी रसायने, मोजणी आपोआप करणारी यंत्रे आणि हे सगळे वापरू शकणारे आपल्या भागातले डॉक्टर एकाच पिढीत घडत होते, एवढे त्यावरून दिसते.

त्या वर्षांत लघवीच्या चाचणीचा मला सर्वांत उदात्त वाटणारा उपयोग झाला तो मद्रासमध्ये, आणि तोही मनोविकारात नव्हे, क्षयरोगात. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी शहराच्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना घरीच गोळ्या दिल्या. गरीब, दाटीवाटीत राहणारा, अर्धपोटी माणूस वर्षभर रोज गोळ्या घेईल यावर तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. म्हणून आरोग्यसेविका पूर्वसूचना न देता घरी जात, गोळ्या मोजत आणि लघवीचा नमुना आणत. पीएएस हे औषध लघवीत आहे का ते रसायनाने तपासले जाई. १९५९ मध्ये निकाल आला: घरचे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांच्या तोडीने बरे झाले होते. त्या निकालाने जगभरच्या क्षयरोग्यांना इस्पितळाच्या भिंतींबाहेर आणले. ती तपासणी पाळतीची होती हे खरे, पण तिने गरिबाची बाजू सिद्ध केली. त्याच्यावर विश्वास टाकायला पुरावा मिळाला. पुढे कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात मानसिक आरोग्यसेवा गावपातळीवर नेण्याचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. त्याच्या मुळाशीही हाच विश्वास आहे.

लघवीच्या चाचणीला दुसरी वाट फुटली ती युद्धातून. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांची हेरॉइनसाठी लघवी तपासायचा हुकूम निघाला. हजारो नमुने, उत्तर झटपट हवे. सिव्हा या कंपनीने आधी एक तंत्र दिले आणि लगोलग १९७२ मध्ये विकरांवर चालणारे दुसरे तंत्र आणले. आजच्या स्वयंचलित लघवी-तपासणीचा मोठा भाग त्याच घराण्यातला आहे. म्हणजे उपचार तपासायला जन्मलेली चाचणी गुन्हा शोधण्याच्या कामी लागली आणि तिथून यंत्र बनून पुन्हा इस्पितळात आली. येताना तिथली भाषाही घेऊन आली. औषध घेतल्याचे कळले तर 'पॉझिटिव्ह', जणू माणूस सापडला.

यंत्रात काय घडते ते जवळून पाहू. बारकोड लावलेली नळी चकतीवर बसते, सुई थेंबभर लघवी उचलून नखाएवढ्या पारदर्शक कोनाड्यात सोडते. त्यात दोन रसायने पडतात. एकात त्या औषधाचा रेणू ओळखणारी प्रतिपिंडे असतात, दुसऱ्यात त्याच औषधाचा तुकडा जोडलेले विकर. लघवीत औषध नसेल तर प्रतिपिंडे त्या विकराला धरून ठेवतात आणि त्याचे काम थांबते. औषध असेल तर जागा आधीच भरलेल्या असतात, एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागांसारख्या. मग विकर मोकळे राहते, काम करते, आणि ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात द्रवाचे शोषण वाढत जाते. ती वाढ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असली की यंत्र 'पॉझिटिव्ह' छापते. सोबत क्रिएटिनिन मोजले जाते. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आले तर नमुना पातळ धरतात. १८८६ मध्ये मॅक्स याफे यांनी सांगितलेली पिक्रिक आम्लाची नारिंगी अभिक्रिया क्रिएटिनिनसाठी आजही अनेक यंत्रांत चालते.

या सगळ्यात एक उणीव आहे. प्रतिपिंड औषधाचे नाव वाचत नाही, आकार चाचपते. ज्यांचा आकार मिळताजुळता त्यांना ते एकच समजते. मनोविकारावरचे क्वेटियापिन घेणाऱ्या रुग्णाची लघवी काही चाचण्यांत मेथाडोनसाठी किंवा जुन्या ट्रायसायक्लिक औषधांसाठी पॉझिटिव्ह येऊ शकते. ट्राझोडोन, ब्युप्रोपिऑन, क्लोरप्रोमाझिन यांनी ॲम्फेटामिनचा भास होतो. सर्ट्रालिनने बेन्झोडायझेपिनचा. झोपेसाठी आणि भीतीसाठी आपल्याकडे सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम येतात, आणि अनेक बेन्झोडायझेपिन चाचण्यांना याच दोन्ही नीट दिसत नाहीत, कारण त्या चाचण्या ऑक्साझेपामच्या वळणाचे रेणू शोधतात. क्लोनाझेपाम शरीरात वेगळ्याच रूपात बदलते, लोराझेपाम दुसऱ्या रेणूला बांधून बाहेर पडते.

समजा, घरातला मुलगा रात्री न चुकता यांतली एक गोळी घेतो. आई समोर उभी राहून पाणी देते. रिपोर्ट येतो 'निगेटिव्ह'. दुसऱ्या दिवसापासून त्याला आ कर, जीभ वर कर, असे सांगितले जाते. महिनाभरात तो कुणाशी बोलेनासा होतो आणि मग खरोखरच गोळी टाकून देतो. नोकरीपूर्वीच्या तपासणीत नैराश्याच्या औषधामुळे 'ॲम्फेटामिन' उमटलेल्या तरुणाचे काय होत असेल, तेही वाचकाने ताडावे. कंपनीचा माणूस त्याला कारण विचारत बसत नाही, आणि तो सांगायला गेला तर आजार उघड होतो.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे: पहिल्या चाळणीत जे आले ते दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वाच्या पद्धतीने पडताळायचे. द्रव वर्णलेखन आणि त्याला जोडलेले मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचे वजन आणि त्याचे तुटलेले तुकडे पाहते, त्यामुळे क्लोनाझेपाम की क्वेटियापिन यात गल्लत होत नाही. मोठ्या रेणूंना इजा न करता या यंत्रात सोडण्याच्या पद्धतीबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. क्वेटियापिन आणि ॲरिपिप्राझोल यांचा एक टक्काही भाग मूळ रूपात लघवीतून जात नाही, म्हणून त्यांची शरीरात बदललेली रूपे शोधावी लागतात. त्याचा एक फायदाही आहे: कुणी गोळी कुस्करून थेट डबीत टाकली असेल तर मूळ औषध भरपूर आणि बदललेले रूप शून्य, असे चित्र येते आणि लबाडी कळते. पण हे यंत्र महाग, चालवणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, आणि गोकुळ रोडवर दिलेला असा नमुना बहुधा बर्फाच्या डब्यातून मुंबईला किंवा बेंगळुरूला जातो.

लघवीला आणखी एक गोष्ट सांगता येत नाही: किती. औषध गेल्या काही दिवसांत घेतले होते का, एवढेच ती सांगते. पाणी किती प्याले, मूत्रपिंड कसे चालते, लघवी आम्लधर्मी आहे का, यांवर आकडा हलतो. डोस पुरेसा आहे का हे रक्तच सांगते. क्लोझापिन या मनोविकारावरच्या औषधाचा गुण साधारण मिलिलिटरला ३५० नॅनोग्रॅमच्या वर दिसू लागतो. त्याखाली असलेल्या रुग्णाला 'या औषधाने गुण नाही' म्हणून बाद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. लघवीच्या डबीवर डोस वाढवणारा डॉक्टर आणि लघवीच्या डबीवर रुग्णाला खोटारडा ठरवणारे कुटुंब, दोघेही तिला झेपत नाही ते काम तिच्याकडून करवून घेतात.

आता माझे म्हणणे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या उपचारांची माहिती मिळण्याचा, आपली कागदपत्रे पाहण्याचा आणि आपला आजार गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. १८५८ चे, १९१२ चे कायदे माणसाला कोंडण्याची रीत ठरवत होते; हा कायदा त्याला विचारायला सांगतो. मग लघवी कशासाठी घेतली जाते हे त्याला आधी सांगितले पाहिजे. आमटीत गोळी कालवून देणाऱ्या घरांची हतबलता मी समजू शकतो, पण न सांगता घेतलेली लघवी ही त्याच वाटेची पुढची पायरी आहे, आणि त्या वाटेने गेलेला विश्वास परत मिळवायला फार वर्षे लागतात. लॅबच्या रिपोर्टवर ही चाळणीची चाचणी आहे की पडताळणीची, मर्यादा किती धरली आणि कोणती औषधे हिला दिसत नाहीत, हे तीन मुद्दे रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत छापले पाहिजेत. आपल्या भागात ती भाषा कन्नड आणि मराठी. नमुना घेणाऱ्या टेक्निशियनने 'सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?' हे विचारून लिहून घेतले पाहिजे. त्याला एक मिनिट लागते, आणि बरेच खोटे पॉझिटिव्ह तिथेच ओळखता येतात.

राहिला पडताळणीच्या यंत्राचा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये धारवाडला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची पायाभरणी झाली. विषशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेला मास स्पेक्ट्रोमीटरशिवाय चालत नाही, आणि ते चालवणारी माणसेही तिथेच घडणार. कर्नाटक सरकारने आणि त्या विद्यापीठाने आत्ताच करार करावा: डिमहान्सचे, हुबळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले वादग्रस्त नमुने तिथे विनामूल्य पडताळले जातील, आणि निकाल पोलिसांकडे किंवा मालकाकडे न जाता रुग्णाच्या डॉक्टरकडे जाईल. लिथियम आणि क्लोझापिनची रक्तातली पातळी मात्र त्या यंत्राची वाट पाहत थांबू नये. लिथियम तर जिल्हा रुग्णालयातल्या साध्या यंत्रावरही मोजता येते. लागतो तो त्याचा रसायनसंच, योग्य टोपणाची नळी, आणि रक्त गोळीनंतर बारा तासांनी घेण्याची शिस्त. रात्री नऊला गोळी घेतलेल्या नवलगुंदच्या रुग्णाने पहाटेची बस पकडली तर सकाळी नऊला तो काउंटरवर पोचतो, आणि त्याचा रिपोर्ट त्याच दुपारी, परतीच्या बसआधी त्याच्या हातात पडायला हवा.